सरळ अंतर आणि घाटाची वाट

कोणत्याही दोन गावांची नावे दिली असता त्यांच्यामधील सरळ अंतर किती, आणि ते विमानाने किती मिनिटांत तोडता येईल, हे क्षणार्धात सांगणारी कोष्टके हल्ली घरोघर उपलब्ध झाली आहेत. ही कोष्टके गावागावांत भेद करीत नाहीत. मुंबई आणि दिल्ली यांचे अंतर ज्या निर्विकारपणे ती सांगतात, त्याच निर्विकारपणे महाड आणि पुणे यांचेही सांगतात. महाडापासून पुणे सरळ रेषेत सुमारे ६७ किलोमीटर आहे; ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानास एवढे अंतर तोडावयास पाच मिनिटे पुरतील. महाड आणि पोलादपूर यांच्यामधील सुमारे बारा किलोमीटरांस तर पुरते एक मिनिटही लागणार नाही. या गणितात चूक काढण्याजोगे काही नाही. एवढेच की महाडास विमानतळ नाही, पोलादपुरासही नाही. आणि पुण्याहून महाडास निघालेल्या गृहस्थास वरंध घाटाने शंभरावर पंधरा-वीस किलोमीटर चालून येण्यास साडेतीन-चार तास मोडावे लागतात. घाट बंद असला तर ताम्हिणीच्या वाटेने सव्वाशेहून अधिक किलोमीटरांचा वळसा त्याच्या नशिबी येतो.

पाच मिनिटे आणि चार तास या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत काय भरलेले आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कोणी म्हणेल, तेथे डोंगर भरलेला आहे. हे उत्तर खरे आहे, परंतु अर्धे आहे. सह्याद्रि हजारो वर्षे जेथल्या तेथे उभा आहे. पण महाड आणि घाटमाथा यांच्यामधील अंतर मात्र दर शतकास बदलत आलेले आहे. एकाच काळी ते एकास थोडे आणि दुसऱ्यास फार असे झालेले आहे. जी गोष्ट डोंगर न हलता बदलते, ती केवळ भूगोलाच्या पुस्तकात सापडावयाची नाही. तिचा शोध इतिहासातच घेतला पाहिजे.

आमच्या वाडवडिलांजवळ अंतर मोजण्याची साधने थोडी होती. कोस हे त्यांचे मुख्य माप. तो सामान्यतः दोन मैलांचा धरीत. तथापि प्रांतोप्रांतीचा कोस लहानमोठा असे, आणि डोंगरातला कोस देशावरच्या कोसाशी जुळत नसे. लांबचा प्रवास मजलांनी मोजीत. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. ती मोकळ्या रानात लांब पडे आणि घाटात आखूड होई. रिकाम्या जासुदाची मजल निराळी, ओझ्याच्या बैलांची निराळी आणि तोफखान्याची तर अगदीच निराळी. आजच्या शास्त्रशुद्ध दृष्टीस हा सगळा घोटाळा वाटेल. परंतु या मापांत एक गुण होता, तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. चालणारा कोण, त्याच्या पाठीवर काय, पायांखाली कोणती भूमी आणि ऋतू कोणता, एवढा सगळा हिशेब मजल या एका शब्दात येऊन जात असे. सरळ अंतराच्या आकड्यात यांतले काहीही येत नाही.

आता ज्या प्रदेशाविषयी बोलावयाचे त्याची ठेवण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचे उगम मानिलेले आहेत. त्यांत कृष्णा आणि सावित्री या दोघी आहेत. कृष्णा पूर्वेकडे वळते आणि चौदाशे किलोमीटरांची वाटचाल करून बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री पश्चिमेकडे वळते, कडे उतरते, पोलादपूर आणि महाड या गावांवरून जाते आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरांतच बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामध्ये अरबी समुद्रास मिळते. एकाच देवळातून निघालेल्या दोन नद्यांच्या प्रवासातला हा भेद म्हणजे या प्रदेशाच्या भूगोलाचा सारांशच होय. महाबळेश्वराची उंची साडेतेराशे मीटरांच्या घरात आहे आणि पोलादपूर घाटाच्या पायथ्याशी आहे. दोहोंमधील सरळ अंतर सुमारे एकवीस किलोमीटर. रस्त्याने जाऊ तर चाळीस. त्यातही महाबळेश्वर ते प्रतापगड हा टप्पा सरळ रेषेत नऊच किलोमीटरांचा आहे, आणि रस्त्याने तो वीसांच्या वर जातो. सरळ रेषेच्या एका कोसास वाटेचे दोन कोस, हा येथला नियमच आहे.

महाडाचे महत्त्व या ठेवणीतूनच उत्पन्न झाले. सावित्रीच्या खाडीत भरतीच्या पाण्यावर गलबते बाणकोटाहून आत येत आणि दासगाव-महाडापर्यंत पोचत. तेथे माल उतरे आणि बैलांच्या पाठीवर चढे. एक वाट वरंध घाटाने भोरकडे आणि पुढे पुण्यास जाई. दुसरी पोलादपुरावरून पार घाटाने जावळीत चढून वाई-साताऱ्याकडे जाई. तिसरी पोलादपुराहूनच कशेडीच्या बाजूने दक्षिणेस खेडाकडे वळे. समुद्र जेथे संपतो आणि डोंगर जेथे सुरू होतो त्या दोहोंच्या सांध्यावर महाड, आणि वाटा जेथे फुटतात त्या तिठ्यावर पोलादपूर, अशी ही जोडी आहे. महाडाजवळ गांधारपाले येथे डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. ज्या ठिकाणी वर्दळ नाही तेथे एवढी लेणी कोणी कोरीत नाही; तेव्हा ही वाट निदान अठराशे-एकोणीसशे वर्षे वापरात असली पाहिजे, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

अंतर हे शस्त्राप्रमाणे वापरता येते, ही गोष्ट या प्रदेशात शिवाजी महाराजांनी जितकी स्पष्ट करून दाखविली तितकी दुसऱ्या कोणी दाखविली नसेल. १६५६ साली त्यांनी जावळी मोऱ्यांपासून घेतली, आणि त्याच सुमारास पार घाटाच्या माथ्यावर प्रतापगड बांधविला. जावळी हातात येणे म्हणजे केवळ एक मुलूख हातात येणे नव्हे. कोकण आणि देश यांच्यामधील वाटेची किल्ली हातात येणे होय. तीन वर्षांनी त्या किल्लीचा उपयोग झाला. अफझलखान वाईस येऊन उतरला. वाईपासून प्रतापगड सरळ रेषेत तेहतीस-चौतीस किलोमीटर. विजापुराहून एवढा मुलूख तुडवीत आलेल्या फौजेस ते किती असे कोणासही वाटेल. परंतु त्या अंतरात रडतोंडीचा घाट होता, जावळीचे निबिड अरण्य होते, आणि घोडदळ व हत्ती यांच्या बळावर लढणाऱ्या सैन्याचे बळ त्या अरण्यात शिरताच निम्म्याहून कमी होत होते. वाईच्या मैदानात महाराज उतरले असते तर अंतर खानाच्या सोयीचे ठरले असते. खानास पारापर्यंत चढवून आणल्यामुळे ते महाराजांच्या सोयीचे ठरले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी काय झाले ते वाचकांस ठाऊकच आहे. आमच्या प्रस्तुत विषयास अधिक उपकारक गोष्ट पुढची आहे. त्याच महिन्याच्या २८ तारखेस, म्हणजे अठरा दिवसांच्या आत, महाराजांनी पन्हाळा घेतला. आणि पन्हाळा प्रतापगडापासून सरळ रेषेनेच एकशे पस्तीस किलोमीटरांच्या पुढे आहे! ज्या मुलखात खानास तेहतीस किलोमीटर जड गेले, त्याच मुलखातून निघून महाराजांनी त्याच्या चौपट अंतर सहज तोडले. डोंगर दोघांसही तेच होते. ज्यास वाटा ठाऊक होत्या आणि वाटेवरची माणसे ज्याची होती, त्यास अंतर थोडे होते.

महाराजांनी राजधानीसाठी रायगड निवडला त्यातही हाच विचार दिसतो. रायगड महाडापासून वाटेने पंचवीस किलोमीटरांच्या आसपास आहे. खाडी जवळ, घाट जवळ, आणि तरीही शत्रूस दूर. १६७४ साली राज्याभिषेकाच्या प्रसंगी मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सिंडेन रायगडास आला. मुंबई ते रायगड हे सरळ अंतर शंभर किलोमीटरांचे. पण ऑक्सिंडेनास चौल, रोहे, निजामपूर असे मुक्काम करीत, कधी होडीने तर कधी खुष्कीने, पाचाड गाठावे लागले. आणि तेथे पोचल्यावर कळले की महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनास गेले आहेत. तेव्हा त्यास पायथ्याशी थांबणे भाग पडले. मुंबईच्या बंदरात बसून जगाच्या नकाशावर बोटे फिरविणाऱ्या कंपनीच्या लोकांस शंभर किलोमीटर म्हणजे काय, याची प्रचीती त्या प्रवासाने आली असेल. राजधानी अशी पाहिजे की तीत राहणाऱ्यास बाहेर पडावयास विलंब लागू नये आणि बाहेरच्यास आत यावयास लागावा. रायगड या कसोटीस पूर्ण उतरला होता.

पुढे पेशवाईत राजकारणाचे केंद्र पुण्यास गेले आणि महाड बाजूस पडले. पण बाजूस पडणे हेच संकटसमयी महाडाच्या उपयोगी आले. १७९६ साली, सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर उत्पन्न झालेल्या भानगडीत नाना फडणीस यांस पुण्यात राहणे धोक्याचे वाटू लागले. ते पुरंदर, सातारा, वाई असे करीत घाट उतरून महाडास आले. प्रतापगडावर आपली शिबंदी असली म्हणजे वरून कोणी सहज उतरू शकणार नाही, आणि खाली रायगड व खाडी पाठीशी आहेत, हा त्यांचा हिशेब होता. महाडास बसून नानांनी निजाम, होळकर, भोसले, शिंदे या सर्वांशी सूत्रे जुळविली. इतिहासात महाडचा तह म्हणून जो प्रसिद्ध आहे तो या खटपटीतूनच निष्पन्न झाला. वर्ष संपण्यापूर्वी नाना पुन्हा पुण्यास कारभारी होऊन बसले. पुण्यापासून सरळ रेषेत सदुसष्ट किलोमीटरांवर राहून त्यांनी पुण्याचे राजकारण फिरविले. आणि त्या सदुसष्ट किलोमीटरांत शत्रूची फौज मात्र शिरू शकली नाही.

सहा वर्षांनी त्याच वाटेने दुसरे एक माणूस आले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरास पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा मोड केला, आणि दुसरे बाजीराव सिंहगडाच्या आश्रयास गेले. तेथून ते रायगडाकडे उतरले, महाडास आले आणि मुंबईच्या इंग्रजांकडे जहाजांची मागणी करू लागले. महाडाहून ते सुवर्णदुर्गाकडे आणि तेथून समुद्रमार्गे वसईस गेले. ३१ डिसेंबरास वसईचा तह झाला. नानांनी महाडाचा डोंगर पाठीशी घेतला होता. बाजीरावांनी महाडाची खाडी पुढे पाहिली. गाव तेच, वाट तीच, अंतरही तेच. एकास ते राज्यात परत जाण्याची उसंत देते झाले आणि दुसऱ्यास राज्य गहाण टाकण्याच्या ठिकाणी नेऊन पोचविते झाले. इतिहासात भूगोल किती करतो आणि माणूस किती करतो या वादात पडणाऱ्यांनी या सहा वर्षांच्या अंतरातल्या दोन प्रवासांचा अवश्य विचार करावा, असे आम्हांस वाटते.

इंग्रजी अमदानीत अंतराचा हिशेब पुन्हा बदलला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, १८२७ ते १८३० या काळात, महाबळेश्वर ही हवा खाण्याची जागा म्हणून वसली. तेथली पेठ माल्कमच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या वेळी मुंबईहून महाबळेश्वरी जाणारा साहेब गलबताने बाणकोटास किंवा नागोठण्यास येई, तेथून महाड गाठी, आणि पोलादपुरास घाटाखालचा मुक्काम करून पालखीतून किंवा डोलीतून घाट चढे. महाड आणि पोलादपूर ही मुंबई इलाख्याच्या मोठ्या लोकांच्या नेहमीच्या वाटेवरची गावे होती. डोल्या वाहणारे भोई, बैल पुरविणारे, मुक्कामाची व्यवस्था पाहणारे, अशा अनेकांची चूल या वाटेवर पेटत होती.

१८५३ साली मुंबई ते ठाणे आगगाडी सुरू झाली, आणि १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग पुरा झाला. त्याबरोबर मुंबईकरास पुणे जवळ आले. पुण्याहून वाई, आणि वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर, ही वाट नकाशावर लांबची असूनही वेळाच्या हिशेबाने जवळची ठरली. पोलादपुराहून महाबळेश्वरी चढणारा आंबेनळीचा गाडीरस्ता यानंतरचा. १८६७ ते १८७२ या काळात गव्हर्नर असलेल्या फिट्झजेरल्ड यांचे नाव त्यास मिळाले. चांगला रस्ता आला, पण ज्यांच्या वर्दळीवर तो गजबजावयाचा त्यांपैकी पुष्कळजण आगगाडीच्या वाटेने निघून गेले होते. येथे विचार करण्याजोगी गोष्ट ही, की महाड एक तसूभरही हलले नव्हते. मुंबईपासून त्याचे सरळ अंतर जे पूर्वी होते, सुमारे ११४ किलोमीटर, तेच तेव्हाही होते. तरीही ते दूर गेले. दुसऱ्या कोणाची वाट सुधारली म्हणजे आपले गाव आपोआप लांब पडते, हा अनुभव कोकणातल्या अनेक बंदरांस त्या शतकात आला; महाड त्यांतलेच एक.

येथवर आम्ही दगडामातीच्या वाटांविषयी बोललो. परंतु महाडाच्या इतिहासातले सर्वांत अवघड अंतर दगडामातीचे नव्हते. ते गावातल्या रस्त्यापासून गावातल्या तळ्याच्या पाण्यापर्यंतचे, थोड्याशा पावलांचे होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलाने बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांस खुल्या असाव्यात असा त्याचा आशय होता. १९२४ साली सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या अध्यक्षतेखालील महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचे जाहीर केले. कागदावरचे अंतर त्या दिवशी शून्य झाले. प्रत्यक्षात तीन वर्षे कोणासही त्या पाण्यापर्यंत जाता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेस जमलेले लोक डॉ. आंबेडकर यांच्या मागून मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच दिवशी त्यांच्यावर गावात हल्ला झाला.

डिसेंबरात दुसरी परिषद भरावयाची होती, आणि त्या प्रसंगीच्या प्रवासाची हकीकत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. त्या काळी मुंबईहून महाडास येण्याची सोयीची वाट म्हणजे आगबोटीने धरमतरास उतरून पुढे मोटारगाडीने येणे. डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे दोनशेहून अधिक प्रतिनिधी २४ डिसेंबर १९२७ रोजी निघाले ते मात्र त्या वाटेने नव्हे, तर लांबच्या समुद्रमार्गाने, सावित्रीच्या खाडीतून दासगावास. कारण असे, की धरमतरास उतरल्यावर मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला असता तर सगळा जमाव अर्ध्या वाटेत अडकून पडला असता. दासगावास उतरल्यावर कोणी गाडी नाकारली तरी महाड पाचच मैल राहत होते, आणि पाच मैल पायांनी चालून जाता येत होते. त्याप्रमाणे ते चालून गेले. समुद्रातली वाट लांबली तरी चालेल, पण शेवटचा टप्पा दुसऱ्याच्या मर्जीवर असता कामा नये, हे ज्याने ओळखले त्याने अंतर या शब्दाचा अर्थ आमच्या सर्व कोष्टकांहून नीट ओळखला होता. पुढे न्यायालयाच्या मनाईमुळे त्या खेपेस तळ्यावर जाणे तहकूब झाले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत हा वाद चालला. मुंबईहून महाड एका रात्रीचे आणि दिवसाचे. महाडच्या रस्त्यावरून महाडच्या तळ्याचे पाणी, १९२४ पासून मोजले तरी तेरा वर्षांचे.

सांप्रतची स्थिती काय आहे? मुंबई-गोवा महामार्ग महाड आणि पोलादपूर या दोन्ही गावांवरून जातो. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. तिची वीर, करंजाडी ही स्थानके महाड तालुक्यात आहेत, परंतु खुद्द महाड आणि पोलादपूर या गावांस आगगाडी लागत नाही. पोलादपुराच्या दक्षिणेस कशेडीच्या डोंगरातून बोगदा खणला आहे. २०२३ च्या गणेशोत्सवाच्या सुमारास त्यातून गाड्या जाऊ लागल्या आणि पाऊणतासाचा घाट थोड्या मिनिटांवर आला. ही सुधारणा लहान नाही. मुंबईहून गणपतीस गावी येणाऱ्या चाकरमान्यास तिचे मोल कोणी पटवून द्यावयास नको.

परंतु अंतर कमी झाले म्हणजे ते कायमचे कमी झाले असे मानण्याचा आमचा जो स्वभाव झाला आहे, त्यास याच टापूने दोनदा कठोर उत्तर दिलेले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड आणि पोलादपूर यांच्यामधील सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात कोसळला. काळोखात आलेल्या दोन एसटी गाड्या आणि आणखी वाहने पाण्यात गेली. चाळीसांच्या आसपास माणसे दगावली. ज्या बारा किलोमीटरांस विमानाचे एक मिनिट लागत नाही असे आम्ही आरंभी सांगितले, ते हेच बारा किलोमीटर. त्यांतला एक पूल किती वर्षांचा आहे, त्याच्या दगडांचे सांधे कसे आहेत आणि पुराच्या रात्री त्यावरून गाड्या जाऊ द्याव्यात की थांबवाव्यात, या प्रश्नांवर त्या माणसांचे घरी पोचणे अवलंबून होते. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला. मनात आणल्यास किती लवकर काम होते याचे ते उदाहरणच आहे. ते मनात येण्यास केवढी किंमत पडली याचेही आहे.

दुसरे उत्तर २०२१ साली मिळाले. २२ जुलै रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे तिच्याखाली सापडली. पोलादपूर तालुक्यातही त्याच वेळी दरडी कोसळल्या. महाबळेश्वरी त्या सुमारास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. या पावसाचा जो भाग सावित्रीच्या खोऱ्यात उतरला, तो कडे उतरून थोड्याच वेळात महाडाच्या बाजारपेठेत शिरला. शहर पाण्यात, रस्ते दरडींनी बंद, दूरध्वनी मुके. मदतीची पथके तळीयेस पोचावयास दुसरा दिवस उजाडला. तोपर्यंत आसपासच्या लोकांनी हातांनी माती उपसली. मुंबईपासून तळीये सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहे. हेलिकॉप्टरास उघड्या आकाशात ते अंतर चाळीस मिनिटांचे. पण ज्या दिवशी ते अंतर चाळीस मिनिटांचे असणे अत्यावश्यक होते, त्या दिवशी ते एका रात्रीचे झाले. महाबळेश्वर ते महाड ही सरळ वाट या प्रदेशात फक्त पाण्यास मोकळी आहे. माणसास वळसा घालावाच लागतो. पाणी आधी पोचते आणि माणूस मागाहून, ही गोष्ट ज्या नियोजनात धरलेली नाही ते नियोजन महाडाच्या उपयोगाचे नाही.

यावर कोणी असे म्हणतील, की विमानतळ झाले, बोगदे झाले, रस्ते रुंद झाले म्हणजे हे प्रश्न आपोआप मिटतील. जुन्या कोसांच्या आणि मजलांच्या आठवणी काढून काय उपयोग? आम्ही सुधारणेच्या विरुद्ध नाही. मेणा आणि पडाव यांचे दिवस परत यावेत असे कोकणातल्या कोणाही शहाण्या माणसास वाटणार नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की जवळीक ही निसर्गाने दिलेली वस्तु नसून माणसांनी घडविलेली आणि माणसांनीच राखावयाची वस्तु आहे. जावळीच्या वाटा ज्यांनी राखल्या त्यांस पन्हाळा जवळ होता. आगगाडी पुण्यास गेली तेव्हा महाड दूर झाले. पूल पाहावयास कोणी गेले नाही तेव्हा बारा किलोमीटर अनंत झाले. आणि पाण्यापर्यंत जाणारी वाट गावाने अडविली तेव्हा थोड्या पावलांस तेरा वर्षे लागली. या सर्व प्रसंगी सरळ अंतर जसेच्या तसेच होते.

म्हणून जिल्ह्याच्या दप्तरात आणि शाळेच्या भूगोलात गावांची अंतरे लिहिण्याची पद्धत थोडी बदलावी, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक वाडीपुढे तालुक्याचा दवाखाना किती किलोमीटर, एवढेच लिहून थांबू नये. वैशाखात तेथे पोचावयास किती वेळ लागतो, श्रावणात किती लागतो, आणि नेहमीची वाट बंद पडली तर दुसरी कोणती व ती कोणाच्या मर्जीवर आहे, हे तीन रकाने त्यापुढे असावेत. पोलादपूर आणि महाड तालुक्यांतल्या घाटाखालच्या वाड्यांचे हे रकाने भरावयास गावचा एखादा शिक्षक आणि चार विद्यार्थी पुरेत. ते भरताना त्यांस आपल्या गावाचा इतिहासही आपोआप समजेल, आणि तिसरा रकाना जेथे रिकामा राहील तेथे पुढच्या पावसाळ्यापूर्वी काय केले पाहिजे तेही कळेल.